माशाच्या मांसात रुतलेले डोके: खोल समुद्रातील परजीवी कोपेपॉडांची नोंद करताना

शास्त्रीय नियतकालिकात ‘नवी नोंद’ म्हणून छापून येणारा मजकूर बहुधा चार-पाच पानांचाच असतो. अमुक परजीवी तमुक माशावर किंवा तमुक समुद्रात प्रथमच आढळला, एवढाच त्याचा गाभा. ती चार पाने विश्वासाने लिहिता यावीत म्हणून त्याआधी काय काय करावे लागते, हे मी केरळच्या किनाऱ्यावर खोल समुद्रातील माशांवरच्या परजीवी कोपेपॉडांचा अभ्यास करताना शिकले. मासा हातात घेण्यापासून नमुना संग्रहालयात जमा होईपर्यंतचा हा प्रवास मराठीत सविस्तर लिहिलेला माझ्या वाचनात आला नाही, म्हणून तो येथे मांडते आहे.

कोपेपॉड म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्याच मोठ्या परिवारातले, बहुधा डोळ्यांना जेमतेम दिसणारे कवचधारी प्राणी. त्यांच्या ज्ञात जाती दहा हजारांहून अधिक आहेत. समुद्राच्या पाण्यात तरंगणारे कोपेपॉड हे तारली-बांगड्यासारख्या माशांचे अन्न असल्यामुळे मत्स्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला परिचयाचे असतात. परंतु याच गटातील कित्येक कुळांनी माशांच्या अंगावर, कल्ल्यांत, नाकपुड्यांत, डोळ्यांवर, इतकेच काय पण थेट हृदयाच्या तोंडाशी मुक्काम केला आहे, हे मला रत्नागिरीला शिकत असताना केवळ पुस्तकातल्या एका परिच्छेदापुरते ठाऊक होते. परजीवी मादी प्रौढ झाली की तिच्या शरीराचे खंड पुसट होतात, पाय खुंटतात किंवा दिसेनासे होतात, आणि उरते ती माशाला घट्ट धरून अंडी तयार करणारी एक मऊ पिशवी. त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला हा कवचधारी प्राणी आहे असे वाटतच नाही. मात्र अंड्यातून निघणारे पिल्लू अगदी नेहमीच्या कोपेपॉडासारखे, पोहणारे असते. तेच या प्राण्याच्या नात्याची खात्रीची खूण ठरते.

आमचे बहुतेक मासे कोल्लमजवळच्या शक्तिकुलंगरा बंदरातून आले. १९९९-२००० च्या सुमारास केरळमध्ये खोल समुद्रातील कोळंबीची व्यापारी मासेमारी सुरू झाली आणि तेव्हापासून साधारण दोनशे ते पाचशे मीटर खोलीवर जाळे ओढणाऱ्या बोटी या बंदराला लागतात. कोळंबीबरोबर जाळ्यात जे इतर मासे येतात त्यांना बाजारात फारशी किंमत नाही, त्यांतील बराचसा माल मासळीच्या कुट्यासाठी जातो. उंदराच्या शेपटीसारखी निमुळती शेपूट असलेले मॅक्रोरिडी कुळातले मासे, मोठ्या हिरवट डोळ्यांचे क्लोरोफ्थॅल्मस, पोटाखाली प्रकाशाचे ठिपके असलेले दीपमीन, खोल पाण्यातले वाम, असे सगळे एकाच ढिगात असते. बोटीवरच्या स्रांकांना, म्हणजे तांडेलांना, मी चेट्टा (मल्याळममध्ये थोरला भाऊ) म्हणत असे. माशाच्या पाठीतून दोरीसारखे काही लोंबत असेल तर तो मासा वेगळा ठेवा, एवढीच विनंती मी त्यांना केली होती आणि त्यांनी ती मनापासून पाळली. ‘किड्याचा मासा’ असे म्हणत ते पिशवी हातात देत. हे सहकार्य मिळाले नसते तर पुढचे काहीच घडले नसते, कारण जून महिन्याच्या ९ तारखेच्या मध्यरात्रीपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलबंदी, म्हणजे ओढजाळ्याने मासे धरायला बंदी, असते आणि उरलेल्या हंगामातही प्रत्येक ढीग आपल्याला स्वतः चाळायला मिळेल, असे बंदरावर होत नाही.

परजीवीकडे वळण्याआधी माशाची ओळख पटवावी लागते, आणि हा भाग नवख्या माणसाला वाटतो त्याहून कितीतरी अवघड आहे. शेकडो मीटर खोलीवरून वर येताना दाब उतरतो, वाताशय (माशाच्या पोटातली हवेची पिशवी) फुगतो आणि जठर तोंडावाटे बाहेर ढकलले जाते. जाळ्याच्या घर्षणाने खवले गळून पडतात. मॅक्रोरिडी कुळात तर जातीची ओळख पुष्कळदा खवल्यांवरच्या बारीक काट्यांवर आणि पोटाकडच्या प्रकाशेंद्रियाच्या लांबीवर अवलंबून असते. कल्ल्याखालच्या पडद्याला आधार देणारे किरण या कुळातल्या कोएलोरिंकस वंशात सहा, तर मॅलॅकोसेफॅलस वंशात सात असतात. तेवढे मोजले तरी निम्मे घोटाळे टळतात. पहिल्या पृष्ठपराचा (पाठीवरच्या पराचा) दुसरा काटा गुळगुळीत आहे की दातेरी, हनुवटीखालची मिशी किती लांब, गुदद्वार नेमके कुठे, हे सारे टिपून ठेवावे लागते. भारतीय समुद्रातील खोल पाण्याच्या माशांचे पायाभूत वर्णन आल्फ्रेड अल्कॉक यांनी ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षण नौकेच्या संग्रहावरून केले आणि त्यांची सूची १८९९ मध्ये प्रसिद्ध झाली. आजही एखाद्या माशाविषयी शंका आली की त्या वर्णनापर्यंत मागे जावे लागते. यजमान, म्हणजे परजीवी ज्याच्यावर राहतो तो मासा, चुकला तर परजीवीची नोंद कितीही अचूक असली तरी ती निम्मी वाया जाते, हे माझ्या मार्गदर्शक मॅडमचे म्हणणे मला पूर्णपणे पटले आहे.

आता ज्या एका नमुन्यावर मी सर्वाधिक वेळ घालवला त्याविषयी लिहिते. कोएलोरिंकस वंशातील एका माशाच्या पहिल्या पृष्ठपराच्या खाली, डाव्या बाजूला, कातडीतून एक पिवळसर पांढरी, चपटी, जवळजवळ हृदयाच्या आकाराची चकती बाहेर आलेली होती. चकतीच्या मागच्या टोकाला नळीसारख्या बारीक तंतूंचे दोन झुबके होते आणि त्यांच्यामधून अंड्यांच्या दोन लांब पिशव्या खाली लोंबत होत्या. हे दोन झुबके दिसले की स्फायरीडी कुळातील लोफूरा या वंशाची शक्यता मनात येते. हा वंश कोलिकर यांनी १८५३ मध्ये स्थापन केला. त्याच्या बहुतेक जाती मॅक्रोरिडी आणि त्यासारख्या खोल पाण्यातील माशांवरच आढळतात. याच कुळातील स्फायरियॉन लुम्पी हा उत्तर अटलांटिकमधल्या लाल माशांवरचा परजीवी जास्त प्रसिद्ध आहे, कारण तो मांसात काळसर डाग मागे ठेवतो आणि त्यामुळे मासळी प्रक्रिया करणाऱ्यांचे नुकसान होते. शिवाय तो कोणत्या भागातील माशांवर किती प्रमाणात सापडतो यावरून माशांचे स्वतंत्र साठे ओळखण्यासाठीही त्याचा उपयोग झाला आहे.

लोफूराची जात ठरवायची तर बाहेर दिसणारी चकती पुरत नाही. डोके आणि मानेचा मोठा भाग माशाच्या स्नायूंत खोल रुतलेला असतो, आणि डोक्याचा आकार, मानेवरच्या शिंगांसारख्या फाट्यांची संख्या व जागा, झुबक्यांच्या देठांची विभागणी हीच जातीची लक्षणे असतात. म्हणून परजीवीला धरून ओढण्याचा मोह कटाक्षाने टाळावा लागतो. मान नेमकी कातडीशी तुटते आणि ज्यावरून नाव ठरायचे तोच भाग माशात राहतो. जुन्या संग्रहांतील असे मुंडके नसलेले नमुने मी पाहिले आहेत, त्यांच्या बाटल्यांवर वंशाच्या पुढे काहीही लिहिता आलेले नाही.

आम्ही प्रथम परजीवी माशावर असतानाच सर्व बाजूंनी छायाचित्रे घेतली, माशाची लांबी आणि परजीवीची जागा नोंदवली आणि मग त्याच्या भोवतीचा मांसाचा ठोकळा कातडीसह कापून अल्कोहोलमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली तो ठोकळा उलटा ठेवून, म्हणजे कातडी खाली आणि आतली बाजू वर अशी मांडणी करून, बारीक सुयांनी स्नायूंचे तंतू एकेक करून बाजूला काढायला सुरुवात केली. काही वेळाने तंतूंचा रंग आणि पोत बदलला. परजीवीच्या डोक्याभोवती माशाच्या शरीराने संयोजी ऊतकाचे एक पांढरे, चिवट आवरण तयार केलेले असते. ते लागले की सुई अधिकच आडवी धरावी लागते, कारण आवरणाच्या आतला प्राणी त्या आवरणापेक्षा मऊ असतो. आवरणाला कडेने चीर देऊन ते साल काढल्यासारखे सोलले, तेव्हा आडवे पसरलेले डोके आणि मानेचे दोन्ही बाजूंचे फाटे अखंड बाहेर आले. त्या डोक्याच्या खालच्या बाजूला, एकूण आकाराच्या मानाने अगदीच चिमुकला असा मुखशंकू होता, आणि कोपेपॉड म्हणून या प्राण्याची जी काही ओळख प्रौढ वयात शिल्लक राहते ती तेथेच होती.

मुखावयवांचे परीक्षण हे या कामाचे हृदय आहे. त्यासाठी आर्थर ह्यूम्स आणि गूडिंग यांनी १९६४ मध्ये वर्णन केलेली पद्धत जगभर वापरली जाते आणि ती आजही कुठल्याही साध्या प्रयोगशाळेला परवडते. लाकडाच्या पातळ पट्टीला मध्यभागी गोल भोक पाडायचे, त्यावर काचेचे आवरणपत्र ठेवायचे आणि त्याच्या खालच्या पृष्ठभागावर लॅक्टिक आम्लाच्या लोंबत्या थेंबात अवयव तरंगत ठेवायचा. लॅक्टिक आम्लाने ऊतक पारदर्शक आणि लवचीक होते, त्यामुळे एकच अवयव सुईच्या टोकाने वळवून समोरून, बाजूने, मागून पाहता येतो. कायमच्या काचपट्टीवर दाबून बसवलेल्या अवयवात ही सोय नसते. एका बाजूने दोन काटे दिसतात आणि तिसरा त्यांच्या आड कायमचा लपून बसतो. कवचातल्या कायटिन या द्रव्यावर काळसर निळा रंग चढवणारा क्लोराझोल ब्लॅक थोडासा वापरला की अगदी फिकट रोमही उठून दिसतात. मग कॅमेरा ल्युसिडा, म्हणजे सूक्ष्मदर्शकातली प्रतिमा कागदावर पडल्यासारखी दाखवणारे उपकरण, लावून पेन्सिलीने रेखाटन करायचे. छायाचित्र असताना चित्र कशाला, असे पाहुणे विचारतात. परंतु छायाचित्रात एका वेळी एकच पातळी स्पष्ट येते, आणि चित्र काढताना प्रत्येक सांधा कुठे संपतो याचा निर्णय आपल्यालाच घ्यावा लागतो. तो निर्णय घेतल्याशिवाय आपण अवयव खरोखर पाहिला असे मी मानत नाही.

वर्गीकरणाची पहिली फांदी याच टप्प्यावर फुटते. सायफोनोस्टोमॅटॉयडा या गणात वरचा व खालचा ओठ जुळून नळी किंवा शंकू झालेला असतो आणि त्यात सडपातळ, दातेरी टोकाचे जबडे असतात. स्फायरीडी, पेनेलिडी, लर्निओपोडिडी, कॅलिजिडी ही कुळे या गणातली. कॉन्ड्रॅकँथिडी कुळात मात्र अशी नळी नसते, तेथे जबडा कोयत्याच्या पात्यासारखा वाकलेला असून त्याच्या दोन्ही कडांना दात असतात. हे कुळ पूर्वी पॉइसिलोस्टोमॅटॉयडा या गणात घालत. बॉक्सशॉल आणि हॅल्सी यांनी २००४ मध्ये तो गण सायक्लोपॉयडामध्ये समाविष्ट केला. जुनी आणि नवी पुस्तके शेजारी ठेवून वाचणाऱ्याने हा बदल लक्षात ठेवला नाही तर एकच प्राणी दोन ठिकाणी शोधत बसावे लागते.

कॉन्ड्रॅकँथिडी कुळातला एक नमुना आम्हाला दुसऱ्या एका माशाच्या मुखपोकळीत, कल्ल्याच्या कमानीजवळ मिळाला. मादीचे शरीर बाजूंना फुगीर लोंब्या आलेल्या गाठीसारखे होते आणि दुसऱ्या शृंगिकेचा (डोक्यावरच्या स्पर्शिकांच्या दुसऱ्या जोडीचा) मजबूत आकडा यजमानाच्या ऊतकात घुसलेला होता. या कुळात नर अतिशय लहान असतो आणि मादीच्या जननद्वाराजवळ आयुष्यभर चिकटून राहतो. नरामुळेही वंश व जाती ठरवायला मदत होते, परंतु नमुना धुताना तो सहज निसटतो. म्हणून नमुना ज्या बाटलीत आला त्या बाटलीच्या तळाचा गाळही आम्ही गाळून पाहतो. मादीच्या जबड्याच्या बाहेरच्या कडेवर किती दात आणि आतल्या कडेवर किती, ही मोजणी दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे करायची, असा आमचा नियम आहे. दातांची संख्या एकाच जातीत थोडी कमी-जास्त होऊ शकते, त्यामुळे एका मादीवरून ठाम विधान करू नये.

दीपमीनांवर सापडणारा कार्डिओडेक्टिस हा पेनेलिडी कुळातला परजीवी मला सर्वांत विलक्षण वाटतो. त्याचे धड माशाच्या गळ्याखालून बाहेर दिसते, पण डोके आत थेट हृदयातून निघणाऱ्या धमनीच्या फुगीर भागात असते आणि तेथे तो रक्तावर जगतो. त्याच्या पिल्लांचा काही काळ तरंगत्या गोगलगायींवर जातो, म्हणजे त्याला दोन वेगळ्या यजमानांची गरज असते. पॅसिफिकमधील दीपमीनांच्या अभ्यासात या परजीवीमुळे माशाची प्रजननक्षमता खालावते असे दिसले आहे. दीपमीन हे खोल समुद्रातील आणि पृष्ठभागाजवळील अन्नसाखळ्यांना जोडणारे मासे आहेत आणि अरबी समुद्रात ते प्रचंड संख्येने आहेत. तेव्हा त्यांच्या हृदयाशी कोण बसले आहे याची पद्धतशीर नोंद व्हायला हवी, असे मला फार मनापासून वाटते. पेनेलिडी कुळात आणखी एक अडचण असते. रुतलेल्या टोकाला फुटणाऱ्या शाखांचा आकार यजमानाच्या ज्या अवयवात ते वाढले त्यावर अवलंबून असतो, आणि एकाच जातीचे दोन नमुने त्यामुळे दोन जातींचे वाटू शकतात. पूर्वी अशा फरकांवरून पुष्कळ नावे दिली गेली आणि नंतर ती एकमेकांत विलीन करावी लागली.

जुने साहित्य धुंडाळण्याला म्हणूनच पर्याय नाही. भारताच्या बाबतीत या विषयाची एक महत्त्वाची सुरुवात मुंबईत झाली, याचे मला विशेष अप्रूप आहे: ब्रिटिश नौदलातले शल्यचिकित्सक बॅसेट-स्मिथ यांनी मुंबईच्या माशांवर सापडलेल्या नव्या परजीवी कोपेपॉडांची वर्णने १८९८ मध्ये प्रसिद्ध केली. त्यानंतर केरळचे एन. कृष्ण पिल्लई यांनी कित्येक वर्षे केलेल्या कामाचा ग्रंथ झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाने १९८५ मध्ये काढला आणि तो आजही आमच्या टेबलावर असतो. त्यातील बहुतेक यजमान मासे किनाऱ्याजवळच्या पाण्यातले आहेत; खोल उतारावरच्या माशांसाठी कबाटा यांचा ब्रिटिश माशांवरील परजीवी कोपेपॉडांचा १९७९ चा ग्रंथ, तसेच जपान, दक्षिण आफ्रिका, चिली अशा ठिकाणच्या नियतकालिकांतील विखुरलेले लेख वाचावे लागतात. नावांची आजची वैधता कोपेपॉडांच्या जागतिक विदागारात तपासता येते, पण तेथे जातीचे वर्णन नसते. मूळ वर्णन स्वतः वाचल्याशिवाय तुलना करू नये हे तत्त्व पाळायचे, तर कधी जर्मन, कधी फ्रेंच, कधी रशियन मजकूर शब्दकोश घेऊन उलगडावा लागतो.

हल्ली पहिला प्रश्न डीएनएविषयीच विचारला जातो. आम्हीही अंड्यांच्या पिशवीचा छोटा तुकडा वेगळा काढून जाती ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सीओआय या जनुकाचा क्रम मिळवण्याचा प्रयत्न करतो. अंडी घेतल्याने मादीचे शरीर अभंग राहते आणि यजमान माशाचा डीएनए मिसळण्याचा धोकाही कमी होतो. मात्र त्यासाठी नमुना पंचाण्णव टक्के अल्कोहोलमध्ये हवा असतो आणि अशा अल्कोहोलमध्ये मऊ शरीर ठिसूळ बनते, तर रचना पाहण्यासाठी सत्तर टक्के बरे. एकच नमुना असेल तर कुठे काय ठेवायचे हे आधीच ठरवून बंदरावर जावे लागते. शिवाय क्रम मिळाला तरी तुलनेसाठी खोल समुद्रातील फारच थोड्या जातींचे क्रम उपलब्ध आहेत. म्हणून निदान आज तरी त्या मुंडक्यावरची शिंगे आणि जबड्यावरचे दात यांना डीएनए बाजूला सारू शकलेला नाही.

सापडलेला प्रत्येक परजीवी नोंदीस पात्र नसतो, आणि येथेच संशोधकाच्या संयमाची परीक्षा होते. ट्रॉलच्या जाळ्यात शेकडो मासे एकमेकांवर घासले जातात. कॅलिजिडी कुळातील परजीवी प्रौढ झाल्यावरही हिंडू-फिरू शकतात, ते एका माशावरून सुटून दुसऱ्यावर जाऊन बसतात. खोल पाण्यातल्या माशाच्या अंगावर असा एक कॅलिगस आम्हाला मिळाला होता. जाळे वर येताना वरच्या थरातले मासेही त्यात शिरतात, त्यामुळे तो नेमका कुणाचा पाहुणा हे सांगणे अशक्य होते, आणि आम्ही त्याची नोंद केली नाही. माझ्या मते हा निर्णय नवी नोंद करण्याइतकाच महत्त्वाचा आहे, कारण चुकीची यजमान-नोंद एकदा छापली गेली की पुढची पन्नास वर्षे ती याद्यांमधून उतरत राहते. याउलट लोफूरा किंवा कार्डिओडेक्टिस यांचे डोके माशाच्या शरीरातच गाडलेले असल्यामुळे यजमानाविषयी शंका उरत नाही. खोल समुद्राच्या बाबतीत म्हणून याच रुतून बसणाऱ्या कुळांच्या नोंदी सर्वांत भरवशाच्या असतात.

नमुना जमा करण्याचे काम कागदोपत्री वाटले तरी त्याशिवाय नोंदीला अर्थ नाही. बाटलीत आत आणि बाहेर अशी दोन लेबले. आतले लेबल अल्कोहोलात न विरघळणाऱ्या शाईने किंवा पेन्सिलीने जाड कागदावर लिहिलेले. त्यावर यजमान, शरीरावरची जागा, बंदर, अंदाजे खोली, तारीख आणि ओळख पटवणाऱ्याचे नाव. काढलेला मुखावयव त्याच नमुन्याच्या क्रमांकाखाली वेगळ्या लहान नळीत. यजमान माशाचेही नमुने ठेवावेत असा आमचा आग्रह असतो, कारण उद्या त्या माशाचेच वर्गीकरण बदलले तर आपली नोंद त्याच्याबरोबर सुधारता आली पाहिजे. संग्रहालयाचा नोंदणी क्रमांक मिळाल्यावरच लेख पाठवायचा.

लोफूराच्या त्या नमुन्यावरील आमच्या मसुद्याला परीक्षकांनी दोन आक्षेप घेतले. पहिला, उजव्या झुबक्यातील काही तंतू तुटलेले असल्यामुळे देठाची विभागणी नक्की सांगता येत नाही. दुसरा, नर मिळालेला नाही. दोन्ही आक्षेप रास्त आहेत. जातीचे नाव घाईने देण्यापेक्षा तूर्त वंशापर्यंतची ओळख, संपूर्ण वर्णन आणि डोक्याची सर्व बाजूंनी काढलेली चित्रे एवढेच छापायचे, असे मॅडमनी आणि मी ठरवले आहे. ऑगस्टमध्ये बोटी पुन्हा खोल पाण्यात जाऊ लागतील, तेव्हा त्याच वंशाचे मासे मिळतील तेवढे पाठीकडून तपासायचे आहेत. चेट्टांना या वेळी विनंती थोडी बदलून केली आहे: दोरी लोंबत असलेला मासा पिशवीत भरण्याआधी तिला हात न लावता आधी ओल्या फडक्यात गुंडाळावा.